डोक्याचं तेल आणि सोफ्याची पाठ

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

फळ्यावरचा विषय वाचून मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. (हशा) हसा, हरकत नाही. सोफ्यावरचे तेलाचे डाग हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं मलाही वाटलं असतं. पण मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि माझ्याच घरच्या सोफ्यावरचा एक डाग काढताना सपशेल नापास झालो. त्या नापासाचीच गोष्ट आज सांगणार आहे.

आम्ही नवीन सोफासेट घेतला. मोतिया रंग. आता मध्यमवर्गीय घरात मोतिया रंगाचा सोफा घेणं हाच पहिला गाढवपणा, पण घेतला. माझी आई तेव्हा शहात्तर वर्षांची. रोज सकाळी आंघोळ झाली की डोक्याला खोबरेल तेल चोपडायचं, वेणी घालायची आणि सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात टेकून पेपर वाचायचा, हा तिचा शिरस्ता. तीन-चार महिन्यांत त्या कोपऱ्यात, पाठीच्या वरच्या भागावर, तळहाताएवढा काळपट डाग दिसायला लागला. एक दिवस पाहुणे यायचे होते आणि मी वैतागून म्हणालो, "आई, तिथं डोकं टेकू नकोस ना जरा." बस, एवढंच. ती काही बोलली नाही. मीही विसरलो. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या बहिणीने विचारलं, "आई अशी खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर का बसते?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवसापासून ती सोफ्यावर बसलेलीच नाही.

मग मी इरेला पेटलो. म्हटलं, डाग काढतो, म्हणजे विषयच मिटला. बादलीत गरम पाणी, त्यात कपड्यांची पावडर, हातात ब्रश. खसाखसा घासलं. डाग दिसेनासा झाला. बायकोला बोलावून दाखवला, म्हटलं, बघ रसायनशास्त्र. (हशा) दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डाग परत हजर, आणि त्याच्याभोवती ताटाएवढं पिवळसर कडं. महिन्याभरात ते सगळं वर्तुळ काळं पडलं. म्हणजे तळहाताएवढ्या डागाचा मी ताटाएवढा केला.

असं का झालं? त्यासाठी आधी हे बघू, की तेलाचा डाग म्हणजे नेमकं काय.

तुम्ही कागदात बांधलेली भजी आणता. कागदावर तेल पसरतं तिथं तो काळपट दिसतो, आणि उजेडासमोर धरला तर तिथूनच आरपार दिसतं. कागदाचा रंग बदललेला नाही. कागद काय आणि कापड काय, दोन्ही धाग्यांचे बनलेले, आणि धाग्यांमध्ये हवा असते. धागा आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून कापड फिकं दिसतं. तेल शिरलं की हवेची जागा ते घेतं. तेल आणि धागा प्रकाशाला जवळजवळ सारखेच वळवतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही, आत शिरतो, आणि तो भाग गडद दिसतो. पाण्याने ओलं झालेलं कापड गडद दिसतं ते याच कारणाने. फरक एवढाच, की पाणी तासा-दोन तासांत उडून जातं. तेल उडत नाही. ते बसून राहतं.

आणि ते नुसतं बसत नाही, ते पुढे सरकतं. दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं ना, तीच क्रिया. सोफ्याचं कापड म्हणजे एक मोठी वातच आहे, आणि तिच्यामागे फोम आहे. त्यात खोबरेल तेलाची एक गंमत आहे. ते साधारण २४-२५ अंशांना वितळतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत बाटलीत गोठतं, मग आपण बाटली उन्हात ठेवतो. म्हणजे जानेवारीत सोफ्यावर लागलेलं तेल घट्ट होऊन वरच राहू शकतं. पण माणूस टेकून बसला की डोक्याची ऊब त्याला पुन्हा पातळ करते. आणि मे महिन्यात तर ते पातळच असतं. म्हणजे आई रोज पेपर वाचत होती आणि तेल रोज थोडं थोडं आत जात होतं.

शिवाय हा डाग नुसत्या खोबरेलाचा नसतोच. आपली त्वचा स्वतः तेल सोडते. त्यात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो, हवा लागली की तो बदलतो. त्यात धूळ मिसळते. खोबरेल बहुतांश संपृक्त, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनला सहसा दाद न देणारं. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांचं तसं नाही. स्वयंपाकघरातली तेलाची बरणी आठवा. बाहेरून ओघळ आलेले असतात, ते सुरुवातीला नुसते तेलकट, मग चिकट, आणि वर्षभराने नखाने खरवडावे लागतात. तेलाचे रेणू ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. जवसाचं तेल या बाबतीत सगळ्यात उतावळं, म्हणूनच ते रंगात आणि व्हार्निशमध्ये वापरतात. तेव्हा सोफ्यावर भजी पडली असतील तर आजच्या आज हात लावा. दोन वर्षांनी तिथं तेल राहिलेलं नसतं, जवळजवळ व्हार्निश झालेलं असतं.

आता साबणाकडे येऊ. पाणी तेलाला धरत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पुष्कळ रेणू मिळून तेलाच्या थेंबाला घेरतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. इथे एका बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. आग्नेस पोकेल्स. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहायच्या. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. घरात आई-वडील आजारी, स्वयंपाक-भांडी हिच्याकडे. भांडी धुताना खरकट्या पाण्यावरचा तेलाचा तवंग पाहून तिला प्रश्न पडले, आणि तिने घरच्या घरी एक पत्र्याचं उथळ तबक आणि सरकती पट्टी वापरून पाण्याचा पृष्ठताण मोजला. १८९१ साली तिने इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते स्वतःची शिफारस जोडून 'नेचर'कडे पाठवलं आणि ते छापून आलं. पाण्यावरच्या तवंगाचं पुढचं बरंच विज्ञान त्या तबकावरून सुरू होतं. भांडी घासणं हे कमी प्रतीचं काम मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. असो.

तर साबण तेलाला घेरतो. पण घेरल्यावर त्याला घेऊन कुणीतरी बाहेर जायला हवं ना? शर्ट धुताना काय होतं? बादलीभर पाण्यात खळबळतो, पिळतो, पुन्हा खळबळतो. साबण, तेल, मळ सगळं पाण्याबरोबर मोरीत. सोफ्याला मोरी नाही! (हशा) माझी सगळी चूक या एका वाक्यात आहे. सोफ्यावर तुम्ही जे ओतता ते आत जातं आणि आतच राहतं. मी ओतलेलं साबणाचं पाणी फोमने शोषलं, जाताना तेल बरोबर घेऊन गेलं. रात्रभर सोफा वाळत होता. वाळतो कुठून? वरून, कापडाच्या बाजूने. म्हणजे आतलं पाणी वर येऊन उडत राहिलं, आणि येताना तेल, मळ, साबण वर आणून ठेवत राहिलं. ओल्या भागाच्या कडेला हे सगळं जास्त साचतं, म्हणून कडं. आणि जो साबण कापडात राहिला तो चिकट, त्यावर धूळ बसली, म्हणून महिन्याभरात काळं.

शेवटी कापड बदलायला सोफ्याचं काम करणारे एक कारागीर आले. वयस्कर गृहस्थ, मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी मागच्या पिना उपसल्या, कापड उलटं केलं आणि मला जवळ बोलावलं. "साहेब, हे बघा. डाग वर नाही, आत आहे." फोमवरचा पिवळा भाग कापडावरच्या डागाच्या दुप्पट होता. मग म्हणाले, "पाणी कशाला मारलं? आधी पावडर टाकायची होती." मी विचारलं, कुठली? "अंगाला लावता ती."

चाचांच्या या पावडरीमागे फार सुंदर विज्ञान आहे. बारीक फटीत द्रव जास्त जोराने ओढला जातो. जाड फट आणि बारीक फट शेजारी असतील तर द्रव जाडीतून बारकीत जातो. फोमची छिद्रं मोठी. पावडरीच्या कणांमधल्या फटी अतिशय बारीक. म्हणजे पावडर तेलाला बाहेर ओढते आणि फोम हरतो. पण कापडाच्या धाग्यांतल्या फटीही बारीकच असतात, म्हणून एका खेपेत सगळं येत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

तेव्हा करायचं काय, ते सांगतो. ताजा डाग असेल तर पहिल्यांदा हात मागे घ्या. घासायचं नाही. घट्ट काही असेल, लोणच्याचा खार, गोठलेलं खोबरेल, तर चमच्याच्या कडेने वरच्यावर उचला. मग पांढऱ्या सुती फडक्याने टिपा. पांढरंच, कारण रंगीत फडक्याचा रंग उतरला तर एकाचे दोन डाग. टिपायचं म्हणजे दाबायचं आणि उचलायचं, आणि दर वेळी फडक्याची कोरडी बाजू घ्यायची.

नंतर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर, चांगला अर्धा बोट जाड थर. मुलतानी मातीही चालते. लोकरीच्या कापडातलं तेल काढायला अशा मातीचा वापर शतकानुशतकं झालेला आहे. पण फिक्या कापडावर आणि मखमलीवर ती नको, तिचा स्वतःचाच रंग राहतो. पावडर कोरडीच टाका. रात्रभर राहू द्या. सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, नसेल तर मऊ ब्रशने एका दिशेने झाडा. लहान मुलं जवळ नकोत, ती धूळ नाकात जाणं बरं नाही. डाग फिका झालेला दिसेल. पुन्हा टाका. बहुतेक लोक इथे कंटाळतात आणि पाण्याकडे वळतात. कंटाळू नका.

तरीही उरलं, तर साबण. पण कपड्यांची पावडर नाही, वडी नाही. भांडी घासायचं लिक्विड, वाटीभर कोमट पाण्यात अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. फेस करा आणि नुसता फेस फडक्यावर घ्या, पाणी नाही. आधी सोफ्याच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून वाळू द्या. रंग जात नाही ना बघा. मग डागाच्या बाहेरून आत या, म्हणजे तो पसरणार नाही. लगेच कोरड्या फडक्याने टिपा. मग साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने साबण काढा. एकदा नाही, तीन-चारदा. सोफ्याला मोरी नाही, आठवतंय ना? मग ते फडकंच मोरी. शेवटी कोरड्या कापडाची जाड घडी डागावर ठेवून वर वजन ठेवा आणि पंखा लावा. आतून जे वर येईल ते सोफ्याच्या कापडात न थांबता घडीत येईल.

परदेशी किंवा मोठ्या कंपनीच्या सोफ्यावर लेबल असतं. त्यावर डब्ल्यू असेल तर पाण्याने चालेल, एस असेल तर पाणी नको, फक्त द्रावक, दोन्ही अक्षरं असतील तर दोन्ही चालतात, आणि एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. आपल्याकडे बहुतेक सोफे दुकानातून मीटरवर कापड आणून सुताराकडून केलेले. लेबल कुठलं आलंय! म्हणून ती लपलेल्या जागेवरची चाचणी टाळायची नाही.

द्रावकांबद्दल थोडक्यात. औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपता येतं. हात धुवायचं जेल नको, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतात. आणि पेट्रोल, रॉकेल, थिनर यांच्या वाटेला कुणीही जाऊ नका. एकोणिसाव्या शतकात ड्रायक्लीनिंगला टर्पेंटाइन, पेट्रोलच्या जातीतले द्रव वापरायचे आणि त्या दुकानांना आगी लागायच्या. तुमचा फोम पेट्रोल पितो, वाफा तासन्‌तास निघत राहतात आणि पलीकडे स्वयंपाकघरात कुणीतरी गॅस पेटवतं. अल्कोहोलही पेट घेतंच, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही शांत झालेला हवा.

आता हा डोक्याच्या तेलाचा प्रश्न काही फक्त माझ्या आईचा नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मॅकॅसर तेल लावायचे. आजच्या इंडोनेशियात मकास्सर बंदर आहे, त्यावरून हे नाव. घरोघरी खुर्च्यांच्या पाठी तेलकट व्हायला लागल्या. मग बायकांनी क्रोशाचे, भरतकामाचे रुमाल विणून पाठीवर टाकले. त्या रुमालाचं इंग्रजी नावच अँटिमॅकॅसर, मॅकॅसरविरोधी! (हशा) आपल्याकडे रेडिओवर, टीव्हीवर, सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल असायचे की नाही? आणि विमानात, गाडीत डोक्यामागे जे पांढरं कापड लावलेलं असतं, तेही याच कुळातलं.

आमच्या घरीही होते. आईने स्वतः विणलेले सहा रुमाल. नवीन सोफ्यावर शोभत नाहीत म्हणून आम्हीच ते ट्रंकेत टाकले होते. चाचांनी फोमचा तो तुकडा कापून नवा बसवला, कापड बदललं आणि जाताना म्हणाले, वर काहीतरी टाका. आम्ही ट्रंक उघडली. आईने रुमाल पाहिले, एकाची कड उसवली होती ती बसल्या बसल्या नीट केली. दोन दिवसांनी ती पुन्हा त्या कोपऱ्यात बसायला लागली. पण पुढे कायम, रुमाल असूनही, डोक्यामागे पदर घेऊनच बसायची. तो पदर मी काही काढू शकलो नाही.

बरं, प्रश्न घेऊ.

प्रश्न : भाजीचा रस्सा सांडला होता. साबण लावल्याबरोबर डाग लाल झाला. असं का?

उत्तर : तुम्ही कुंकू केलंत! (हशा) खरंच सांगतो. पारंपरिक कुंकू हळदीत चुना किंवा तसाच अल्कधर्मी पदार्थ घालून करतात. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी झालं की लाल होतं. साबण, खायचा सोडा, दोन्ही अल्कधर्मी. घाबरू नका, लिंबाच्या पाण्याचं फडकं लावलंत की पुन्हा पिवळं होईल. हळद तेलात विरघळते, म्हणून आधी तेल काढा, त्याबरोबर बरीच हळद जाते. उरलेली उन्हात फिकी पडते. सोफा उन्हात नेता येत नसेल तर खिडकीपाशी सरकवा. पण गडद रंगाचं कापड असेल तर जपून, त्याचाही रंग उडेल.

प्रश्न : व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावा, असे व्हिडिओ येतात.

उत्तर : फेस छान येतो, त्यामुळे काहीतरी होतंय असं वाटतं. आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि तुमच्याकडे उरतं थोडं क्षार असलेलं पाणी. तेलाशी त्याला काही देणंघेणं नाही. वर सोफा ओला झाला तो वेगळाच.

प्रश्न : आमचा डाग पाच वर्षांचा आहे. निघेल?

उत्तर : फिका होईल, पूर्ण निघेल असं मी म्हणणार नाही. पावडर, फेस, टिपणं हे आठवडाभर रोज थोडं थोडं करा. फोम बदलायची वेळ आली असेल तर चांगल्या कारागिराला बोलवा आणि तो उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा. मला तिथेच सगळं कळलं.

प्रश्न : आमचं कापड सुती आहे की पॉलिस्टर, हे कसं ओळखायचं? आणि त्याने फरक पडतो का?

उत्तर : पडतो. सुताला पाणी आवडतं, पॉलिस्टरला तेल. म्हणून पॉलिस्टरमधलं तेल जास्त चिवट, तिथे साबणाचा फेस दोन-तीनदा जास्त लागतो आणि गरम इस्त्री अजिबात चालत नाही, धागा वितळतो. ओळखायला सोफ्याच्या मागच्या बाजूने शिवणीतला एक सुटा धागा काढा, मोरीपाशी न्या, चिमट्यात धरून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. तो मणी गार होईपर्यंत बोटाने दाबून पाहू नका, चांगलाच चटका बसतो.